मणका ‘बसवणाऱ्याला’ नोंदणी कोण विचारणार?

घोडेगावच्या कांदा मार्केटात लिलावाच्या दिवशी हमालांच्या पाठीकडे जरा बघा. दिवसभर गोण्या उचलायच्या आणि संध्याकाळी कंबर धरायची. मग कुणी सांगतं, “उसण भरलीय, पायाळू माणसाची लाथ घे.” कुणी हाडवैद्याकडे धाडतं. आता मोबाईलवर नवीनच आलंय: मान कडकन मोडणारी रील आणि वर नाव ‘ऑस्टिओपॅथी’.

हे प्रकरण मुळात काय आहे? अमेरिकेतल्या अँड्र्यू टेलर स्टिल यांनी 1874 मध्ये हा विचार मांडला आणि 1892 मध्ये मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिलला कॉलेज काढलं. सांधे, स्नायू हातानं तपासायचे, दाबून-ताणून मोकळे करायचे. हे सगळंच थोतांड नाही. जुन्या कंबरदुखीत काहींना आराम पडतो. पण तो ‘कडक्’ आवाज म्हणजे मणका जागेवर बसला असं नाही. सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा होतो, त्याचा तो आवाज. आणि साखर, दमाही मणका दाबून घालवतो म्हणणाऱ्याला आधी पुरावा मागा.

आता खरा मुद्दा. अमेरिकेत ही पदवी घेतलेला माणूस पूर्ण डॉक्टर असतो. औषध लिहितो, ऑपरेशन करतो. ब्रिटनमध्ये 1993 चा कायदा आहे, नोंदणीशिवाय ‘ऑस्टिओपॅथ’ म्हणवून घेणं तिथं गुन्हा. आपल्याकडे? चार दिवसांचा वर्ग करा, फ्लेक्स लावा, नावाआधी ‘डॉ.’ चिकटवा. नोंदणीशिवाय डॉक्टरकी करायला महाराष्ट्रात 1961 च्या कायद्यानं बंदी आहे. पण कायदा कागदावर आणि फ्लेक्स चौकात!

कुणी म्हणेल, गरीब माणूस जाणार कुठं? अगदी बरोबर. हमालाला एका दिवसाचा खाडा परवडत नाही. म्हणून तर राग हाडवैद्यावर कमी आणि व्यवस्थेवर जास्त आहे. आपल्याच जिल्ह्यात लोणीला आणि विळद घाटात फिजिओथेरपीची कॉलेजं आहेत. मग ते शिकलेले हात मार्केट यार्डापर्यंत का पोचत नाहीत? हमालाच्या पाठीवर बाजार चालतो, तर बाजार समितीनं आठवड्यातून एक दिवस यार्डात तपासणी ठेवायला काय हरकत आहे? आरोग्य खात्यानंही फ्लेक्सवाल्यांची नोंदणी तपासावी. आम्ही पत्रकारांनी पैसे घेऊन त्यांच्या जाहिराती छापणं थांबवावं.

तोवर एवढं ध्यानात ठेवा. पायाला मुंग्या येऊन ताकद जात असेल, लघवी-संडासवरचा ताबा सुटला असेल, ताप येऊन वजन घटत असेल, किंवा पडल्यानंतर दुखत असेल, तर पाठ कुणालाही दाबू देऊ नका. मणक्याचा टीबी किंवा फ्रॅक्चर असू शकतं. आधी सरकारी दवाखाना गाठा. मानेला झटका तर कुणाकडूनच घेऊ नका; क्वचित रक्तवाहिनी फाटून लकवा होतो.

पाठीला हात लावणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारा. खरा असेल तो लगेच दाखवेल, आणि जो चिडेल त्याच्याकडून उठून चालू लागा.

पटलं तर हमाल बांधवांच्या ग्रुपवर टाका.