घराला कागद आला. आता गहाण टाकताना जपून

गावात ड्रोन फिरला, घरांभोवती चुन्याच्या रेघा पडल्या, भूमी अभिलेखची माणसे दारोदार चौकशी करून गेली आणि काही गावांत घराची मिळकत पत्रिका, म्हणजे लोकांच्या तोंडचे प्रॉपर्टी कार्ड, हातात आलेही. स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली. १८ जानेवारी २०२५ या एकाच दिवशी देशभरात ६५ लाखांहून अधिक पत्रिका वाटल्या गेल्या, त्यात महाराष्ट्रही होता. पिढ्यान्‌पिढ्या ज्या घरांना घरपट्टीच्या पावतीपलीकडे कागद नव्हता, त्यांना नकाशा आणि क्षेत्र लाभले. चांगलेच झाले.

पण आम्ही शेतीखात्याची माणसे बोंडअळी बघायला बांधावर गेलो, तरी आता प्रश्न येतो तो घराचा. "साहेब, या कार्डावर किती कर्ज मिळंल?" किती मिळेल ते बँक सांगेल. पण घर गहाण टाकल्यावर आपण काय गमावतो, ते बँक सांगत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी कागदाचे बघू. ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही आहे. (तलाठ्याकडचा आठ-अ वेगळा, तो जमिनीच्या खात्याचा. दोन्हींचा घोळ बऱ्याच जणांचा होतो.) नमुना ८ वर नाव आहे म्हणून माणूस घराचा मालक ठरत नाही; त्याने कर भरावा, एवढेच त्याने ठरते. गायरानावरच्या घरालाही घरपट्टी लागते, म्हणून काही गायरान त्याचे होत नाही. मिळकत पत्रिका याच्या पुढची पायरी आहे, तो हक्काचा अभिलेख आहे. तरीही चौकशीच्या वेळी थोरल्या भावाचे एकट्याचे नाव लागले आणि धाकटा मुंबईला होता, म्हणून धाकट्याचा हिस्सा बुडत नाही. वाद झाला तर निकाल दिवाणी कोर्टातच. तेव्हा पत्रिका हाती आली की पहिल्यांदा त्यावरची नावे वाचा.

बहिणींचेही तसेच. राहत्या घराची वाटणी पुरुष वारसांनी केल्याशिवाय मुलींना मागता येत नाही, असे हिंदू वारसा कायद्यात कलम २३ होते. ते २००५ मध्ये काढून टाकले. त्याच दुरुस्तीने मुलगी जन्मानेच वडिलार्जित मिळकतीत हिस्सेदार झाली आणि वडील २००५ पूर्वी वारले असले तरी तिचा हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. "बहिणीनं तोंडी सोडलंय" या बोलण्यावर घर विकत घेऊ नका आणि विकूही नका. हक्कसोडपत्र नोंदवलेलेच हवे.

विकत घेणाऱ्यांना आणखी एक सांगायचे. एका भावाचा न वाटलेला हिस्सा स्वस्तात मिळतो म्हणून घेणारे गावोगाव आहेत. राहत्या घरातला असा हिस्सा बाहेरच्याने घेतला, तर त्या घरात जाऊन राहण्याचा हक्क त्याला मिळत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ४४ तसे सांगते. त्याला वाटणीचा दावा लावावा लागतो आणि त्या दाव्यात घरचे लोक तो हिस्सा किंमत देऊन परत घेऊ शकतात.

१०० रुपयांवरच्या स्थावर मिळकतीचे खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावेच लागते. नोटरीपुढे बॉन्डवर सह्या झाल्या, पंचांनी विडा खाल्ला, ताबा दिला, तरी मालकी जात नाही. साठेखत म्हणजे पुढे विकण्याचा करार, विक्री नव्हे. ठरलेल्या तारखेपासून ३ वर्षांत दावा लावला नाही, तर तो हक्कही मुदतीत बसत नाही. कुलमुखत्यारपत्रावर घर "विकत" घेणे ही खरी विक्री नव्हे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला आहे.

आता मूळ मुद्दा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे शेतकरी ज्या घरात राहतो ते घर पैशाच्या हुकूमनाम्यात जप्त होत नाही. कायदा १९०८ चा. तुमच्यावर कोणाच्या उधारीचा दावा झाला, दरखास्त आली, तरी राहत्या घरावर बेलिफ कुलूप लावू शकत नाही. दुसरीकडे बँकांच्या वसुलीचा २००२ चा कायदा, ज्याला सरफेसी म्हणतात, तो शेतजमिनीला लागू होत नाही. कलम ३१ मध्ये तशी सूट आहे. म्हणजे शेत आणि घर, दोन्हींना थोडे थोडे कुंपण आहे.

घर स्वतःच्या सहीने गहाण दिले की घराचे कुंपण आपणच मोडतो. कलम ६० ची सूट जप्तीपुरती आहे. गहाणाच्या वसुलीत घर विकायला जप्ती लागतच नाही. आणि सरफेसी घराला लागू आहे. कर्ज थकून खाते बुडीत धरले गेले की बँक ६० दिवसांची नोटीस देते, त्यानंतर कोर्टात दावा न लावताच ताबा घेऊ शकते, त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची मदतही मागू शकते. सहकारी बँकांना हा कायदा नाही, असा समज होता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२० रोजी तोही दूर केला. नोटीस आली तर कोनाड्यात ठेवू नका. ६० दिवसांच्या आत लेखी हरकत द्या, बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावे लागते. ताब्याची कारवाई झाली तर ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. गावात बसून "बघू सुगीनंतर" म्हणण्यात हे दिवस निघून जातात.

म्हणून माझे मत असे, की बी-खत, ट्रॅक्टर, बोअर या शेतीच्या कर्जाला राहते घर तारण देऊ नये. पाऊस दगा देतो, भाव दगा देतो. शेती एका हंगामात बुडू शकते आणि तिच्यासोबत घर का जावे? घर बांधायला वा दुरुस्तीला गृहकर्ज काढले तर गोष्ट वेगळी, तिथे हप्ता बांधलेला असतो आणि हिशेब बसतो.

पीककर्जाचे जसे नवं-जुनं करतो, तसे घराचे कर्ज एका बँकेतून दुसरीकडे नेता येते. चलत्या व्याजदराचे गृहकर्ज मुदतीआधी फेडले म्हणून बँकेने दंड घेऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बजावले. पण "वाढवून देतो" म्हणून जास्तीचे कर्ज गळ्यात मारले जाते, ते नीट मोजा.

सगळ्यात वाईट ती मुदत खरेदी. सावकार २ लाख देतो आणि घराचे सरळ खरेदीखत लिहून घेतो, "पैसे दिलेस की उलटून देतो" हे फक्त तोंडी. घर परत देण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली असेल तरच कायदा त्याला गहाण मानतो. वेगळ्या कागदावरची अट उपयोगाची नाही. गहाण ठरले तर सोडवायला ३० वर्षांची मुदत मिळते. अवैध सावकारीत घर वा जमीन गेली असेल, तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. १५ वर्षांच्या आतला व्यवहार असेल तर चौकशी करून मिळकत परत देण्याचा हुकूम ते करू शकतात.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनाही एक विनंती. फक्त नोटरी कागदावर नमुना ८ ला नाव फिरवून देऊ नका. पुढचा माणूस त्याच उताऱ्यावर विश्वासून पैसे मोजतो.

आणि कर्ज फिटल्यावरचे काम. १ डिसेंबर २०२३ पासून पूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत देणे बँकेवर बंधनकारक आहे. तिच्या चुकीने उशीर झाला तर दररोज ५,००० रुपये भरपाई. कागद घेतले की तेवढ्यावर थांबू नका. बँकेचे बेबाकीपत्र घ्या, दुय्यम निबंधकाकडची गहाणाची नोंद सुटली का ते पाहा आणि पत्रिकेवर किंवा सातबाऱ्यावर बोजा चढला असेल तर तो कमी करण्याचा अर्ज त्याच आठवड्यात द्या. अर्जाची पोच मागायला विसरू नका.