सापाची मावशी

गेल्या महिन्यात मधल्या सुट्टीत शाळेच्या मागच्या बाजूला एकच गलका उठला. "टीचर, साप की मौसी! मार डाला!" मी धावत गेले. जांभ्याच्या गडग्यापाशी सातवीची पाच-सहा मुले उभी होती. पायाशी एक तपकिरी, चकचकीत जीव दगडाने ठेचलेला. हातभर अंतरावर त्याची तुटलेली शेपटी अजून वळवळत होती. दगड मारणारा मुलगाच सगळ्यांत जास्त घाबरला होता. म्हणाला, "टीचर, दुम तो ज़िंदा है. अब ये बदला लेगी?"

मला त्याच्यावर रागावता आले नाही. त्याच्याच वयाची असताना परसदारी मीही एक मारली होती. हातात काठी दादीनेच दिली होती. "ही चाटली तरी माणूस पाणी मागत नाही," असे ती म्हणायची. दादीला तिच्या दादीने सांगितले असणार.

त्या दिवशी पुढच्या तासाला व्याकरण बाजूला ठेवले आणि मुलांना सापसुरळीची ओळख करून दिली. तीच आज तुम्हालाही सांगते.

सापसुरळी सापाची कोणी लागत असलीच तर लांबची. ती पाल आणि सरड्याच्या गोतातली. आपल्याकडे नेहमी दिसणाऱ्या मोठ्या सापसुरळीचे शास्त्रीय नाव यूट्रोपिस कॅरिनाटा. श्नायडर नावाच्या जर्मन अभ्यासकाने 1801 मध्ये तिचे वर्णन केले. 'कॅरिनाटा' म्हणजे कणा किंवा कंगोरा असलेली. तिच्या पाठीवरच्या प्रत्येक खवल्यावर बारीक उभ्या रेघा उठलेल्या असतात, त्यावरून हे नाव. पाठ काशासारखी तपकिरी, दोन्ही कुशींवर डोळ्यापासून मागे जाणारा फिकट पट्टा, पोट पांढरट-पिवळसर. शेपटीसकट ती जवळजवळ फूटभर भरते आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग शेपटीचाच. मान वेगळी दिसत नाही, पाय आखूड. गवतातून सरकताना ते पाय दिसतच नाहीत आणि साप गेल्यासारखे वाटते. सगळा घोटाळा तिथेच होतो.

भारताच्या बऱ्याच भागात, तसेच श्रीलंका, नेपाळ आणि बांगलादेशातही ती आढळते. घनदाट जंगलच हवे असे तिचे काही नाही. शेताचा बांध, बाग, पालापाचोळा, लाकडांचा ढीग, दगडी कुंपण, घराचे जोते एवढे तिला पुरते. पालीसारखी ती भिंतीवर चढत नाही, कारण तिच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसतात. दिवसा उन्हात अंग शेकते आणि टोळ, रातकिडे, भुंगेरे, कोळी टिपते. मादी अंडी घालते.

ती विषारी नाही. हातात धरली तर चावेल, पण तो चावा साबण-पाण्याने धुऊन काढण्याइतकाच. शेपटीचे म्हणाल, तर ती जीव वाचवायची युक्ती. पकडणारा वळवळत्या शेपटीकडे बघत राहतो आणि मालकीण निसटते. तुटलेल्या तुकड्यातल्या नसा काही वेळ काम करत राहतात, म्हणून तो हलतो. पुढे नवी शेपटी येते, पण तिच्यात पहिल्यासारखे मणके नसतात, कूर्चेचा दांडा असतो.

मुलांना ओळखायच्या तीन खुणा लिहून दिल्या: चार पाय, डोक्याच्या बाजूला कानाचे छिद्र आणि पापणीची उघडझाप. सापाला यातले काहीच नसते. मात्र खुणा लांबूनच बघायच्या, हेही बजावले. आणि काय चावले ते नक्की दिसले नसेल, तर 'सापसुरळीच असेल' असे म्हणून घरी बसायचे नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

आठवड्याने तोच मुलगा वर्गाच्या दारात उभा राहिला. "टीचर, हमारे मोरी के पास एक निकली थी. अम्मी झाडू लेके दौड़ी. मैं बोला, अम्मी ठहरो, देखो, पलक झपका रही है."

"फिर?"

"अम्मी बोली, ठीक है, पर घर में नहीं आनी चाहिए."

अम्मीचे म्हणणे रास्त आहे. सापसुरळी घरात शिरली, तर दार उघडे ठेवून सुपलीने किंवा पुठ्ठ्याने तिला अलगद बाहेरची वाट दाखवावी. काठी शोधण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात ती गेलेलीही असते.

माझ्या हातून मेलेली ती सापसुरळी मला अजून आठवते. दादीला दोष देत नाही, तिला कोणी सांगितलेच नव्हते. आपल्या मुलांना मात्र आपण सांगू शकतो.