कटर घेताना सीसी नंतर बघा, आधी हात बघा



पाऊस सरला, बेणणी आटपत आली. आता बागेत सुकी काढायची, बांडगूळ काढायचं, पावसात पडलेली झाडं तोडून गाडीची वाट मोकळी करायची. या पंधरवड्यात मला कटरबद्दल जेवढे मेसेज आले तेवढे फवारणीबद्दलही आले नाहीत. बहुतेकांनी सारखाच फोटो पाठवलाय: 58 सीसी, 22 इंची पट्टी, वर एक चेन फुकट. खाली प्रश्न, "घेऊ का?"

माझं मत आधीच सांगून टाकते. ज्यांच्याकडे वर्षातले वीसेक दिवस तरी लाकूड कापलं जातं, त्यांनी 45 ते 50 सीसीचा, 16 किंवा 18 इंची पट्टीचा, चेन ब्रेक चोख असलेला कटर घ्यावा. काम त्याहून कमी असेल तर कटर घेऊच नये. कटरवाल्याला दिवसाची मजुरी देऊन बोलवा. वर्षभर पडवीत पडलेलं मशीन ऐन वेळी चालू होत नाही आणि रागाने दोरी ओढणारा माणूस पुढचं कामही घाईतच करतो.

*सीसीचा हिशोब*

सीसी म्हणजे सिलिंडरचं आकारमान, ताकद नव्हे. ताकद किलोवॅटमध्ये लिहिलेली असते, ती वाचा. उदाहरण देते. स्टिलचा एमएस 250 हा 45.4 सीसीचा कटर 2.3 किलोवॅट देतो. बाजारातल्या 58 सीसीच्या बऱ्याच मशीनवर आकडा याच्याच आसपास असतो. म्हणजे सीसी जास्त, वजन जास्त, पेट्रोल जास्त, आणि लाकडात ताकद तेवढीच. त्यात '58' हा आकडाही तपासून घ्या. माहितीपत्रकात बोअर 45.2 मिमी आणि स्ट्रोक 34 मिमी लिहिलेला असेल तर हिशोब 54.5 सीसीचा येतो. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांचं काम आहे, दुकानदारासमोरच करा.

मी याच एका मशीनची शिफारस करतेय असं समजू नका. आकडे पाठ होते म्हणून दिले. याच मापात इतर चांगल्या कंपन्यांचेही कटर आहेत.

स्वस्त कटरची एक बाजू मात्र खरी आहे. वेगवेगळ्या नावांनी विकले जाणारे हे बरेचसे कटर आतून सारखेच असतात. त्यामुळे कार्बोरेटर, क्लच, स्टार्टरची दोरी कुठल्याही तालुक्याच्या बाजारात मिळते, आणि कमी पैशांत मिळते. महागडं मशीन घेतलं आणि त्याचा मेकॅनिक जिल्ह्याच्या गावी असला, तर ऐन कामात चार दिवस मशीन बंद. म्हणून नावाजलेल्या कंपनीचा घेतानाही आधी विचारा, दुरुस्ती इथे होते का? "कंपनीत पाठवावा लागेल" असं उत्तर आलं तर दुसरं दुकान गाठा.

*पट्टी लांब म्हणजे काम भारी, असं नाही*

आपल्या बागेत रोज काय कापलं जातं ते आठवा. सहा ते बारा इंची फांद्या, काजूची मेलेली खोडं, कधीतरी वाऱ्याने पडलेला फणस. 18 इंची पट्टीने दोन्ही बाजूंनी कापत गेलं तर तीस इंची बुंधाही उरकतो. वर्षातून एकदा लागणाऱ्या त्या बुंध्यासाठी उरलेले सगळे दिवस 22 इंची पट्टी का उचलायची? नेहमीच्या .325 मापात 18 इंचीच्या चेनला 36 कापणारे दात असतात, 22 इंचीला 43. म्हणजे प्रत्येक वेळी सात दात जास्त घासायचे. टोकाकडे वजन जातं, इंजिनाला ओढ बसते आणि संध्याकाळी कंबर बोलते.

आणि धोका टोकाशीच आहे. पट्टीच्या टोकाचा वरचा पाव भाग फांदीला किंवा दगडाला टेकला, की कटर उसळून वर आणि मागे, चालवणाऱ्याच्या तोंडावर येतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत हे होतं. पूर्ण वेगात चेन सेकंदाला वीस मीटरच्या आसपास धावत असते. लांब पट्टीचं टोक कुठे आहे हे चालवणाऱ्याला झुडपात दिसत नाही.

म्हणून ब्रेक दुकानातच तपासा. इंजिन बंद ठेवून पुढची ढाल पुढे ढकला, चेन हाताने हलता कामा नये (हातमोजा घालून). मग कटर एखाद्या लाकडी ओंडक्याच्या वर हातभर उंचीवर धरा, ढाल मागे घ्या आणि पुढची मूठ सोडून टोक ओंडक्यावर पडू द्या. ब्रेक आपोआप लागला पाहिजे. दुकानदार हे करू देत नसेल तर तिथून घेऊ नका.

*चालवणार कोण?*

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते याबद्दल. आपल्याकडे कटर घेतो एक आणि चालवतो दुसरा. पैसे मालकाचे, हातात धरणारा गडी. कुठे वाडीतला तरुण, कुठे बागेत राखणीला राहिलेला नेपाळी भाऊ. सात किलोचं तयार मशीन दिवसभर त्याच्या हातात असणार, आणि घेताना त्याला कोणी विचारलेलंच नसतं. चारजणांनी फोटो पाठवले, त्यातल्या एकानेही चालवणाऱ्याची उंची, ताकद, सवय सांगितली नाही. मी विचारलं तेव्हा एका काकांचं उत्तर आलं, "त्याला काय, दिलं की चालवतो." चालवतो, खरंय. नाही म्हणायची त्याला सोयच नसते.

तेव्हा दुकानात त्याला घेऊन जा. उभ्याने, गुडघ्याच्या उंचीवर दोन मिनिटं कटर धरायला सांगा. मुठीला स्प्रिंगा किंवा जाड रबर आहेत का ते बघा. नसतील तर संध्याकाळी बोटांना मुंग्या येतात, आणि वर्षानुवर्षं तेच चाललं तर बोटं बधिर, पांढरी पडतात. आवाज शंभर डेसिबलच्या वर असतो, कानाला मफ लागतोच. लुंगी, हाफ पँट, चप्पल यावर कटर चालवायला द्यायचा नाही. कटरसाठी मांडीवर बांधायचं जाड आवरण मिळतं, त्यातले धागे चेनमध्ये अडकून ती थांबवतात. आपल्या दमट हवेत ते उकडतं, मान्य. पण सारखं कापण्याचं काम असेल तर मशीनच्या बजेटमध्येच ते धरा, वरचा खर्च म्हणून नको. चष्मा आणि बूट तर पहिल्या दिवसापासून.

अजून एक, यावर काहीजण रागावतील. या मापाचा कटर घेऊन कलमावर चढायचं नाही. एका हाताने फांदी धरून दुसऱ्या हाताने कटर चालवणारे मी बघितलेत, त्याला कौशल्य म्हणायला मी तयार नाही. वरच्या फांद्यांना हातकरवत किंवा लांब दांड्याची करवत वापरा, खाली पडल्यावर कटरने तुकडे करा. जुन्या कलमांची मोठी छाटणी असेल तर दोर, पट्टा आणि झाडावरच्या कामाचा छोटा कटर असलेली माणसं बोलवा. बॅटरीचे छोटे कटर बारीक फांद्यांना बरे आहेत, रोजच्या लाकडाला माझ्या मते अजून नाहीत.

*चेन आणि पेट्रोल*

निम्मे कटर "ताकद गेली" म्हणून मेकॅनिककडे जातात, आणि गेलेली असते ती चेनची धार. खाली काय पडतंय बघा. जाड चुरा पडत असेल तर धार आहे, पिठासारखा भुसा पडत असेल तर थांबा. आपला कातळ आणि चिरा चेनचा वैरी. एकदा टोक जमिनीला लागलं की धार गेली, म्हणून ओंडक्याखाली आडवं लाकूड टाकल्याशिवाय कापू नका. पेट्रोलच्या दर टाकीला प्रत्येक दातावर गोल कानशीचे दोन-तीन हात, एकाच दिशेने. .325 च्या चेनला 4.8 मिमी कानस लागते. मशीनबरोबर एक जादा चेन आणि ही कानस घ्याच. यात कंजूषी केली तर बाकीचा सगळा खर्च वाया.

टू-टी ऑइलचं प्रमाण माहितीपत्रकात असेल तेच ठेवा. 25 ला 1 म्हणजे लिटरला 40 मिली, 50 ला 1 म्हणजे 20 मिली. डोळ्याच्या अंदाजाने ओतू नका, पिस्टन जळतो. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं. कोकणातल्या पावसाळ्यात चार महिने टाकीत राहिलेलं पेट्रोल कार्बोरेटरची वाट लावतं. काम संपलं की टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा.

बाकी थोडक्यात. आंबा, फणस, साग, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ ही झाडं 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. अख्खं झाड आडवं करायचं असेल तर जमीन आपली असली तरी आधी परवानगी. आंब्याची जाड फांदी कापली की त्याच दिवशी बोर्डो पेस्ट लावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी.

येत्या शनिवारी सकाळी 10 वाजता संकलन केंद्रावर चेनला कानस कशी मारायची ते करून दाखवणार आहे. ज्यांच्याकडे कटर आहे त्यांनी टाकी रिकामी करून घेऊन या. आणि स्वतः आलात नाही तरी चालेल, पण कटर जो चालवतो त्याला नक्की पाठवा. त्या दिवसाची त्याची मजुरी कापू नका.

— कृषी सल्ला विभाग