ठामपणाची कसोटी

केजसारख्या तालुक्याच्या गावी काय किंवा मुंबईत काय, टीकाकारास शत्रू लेखणे यालाच आज राजकीय ठामपणा म्हणतात. परंतु दुराग्रहीही ठामच असतो! खरी पारख पुढाऱ्याच्या खाजगी पत्रांवरून होते. गोपाळ गणेश आगरकरांनी विद्यार्थिदशेतच आईला कळविले होते की, मोठ्या पगाराची आशा धरू नये. निर्वाहापुरते घेऊन आपण आयुष्य परहितार्थ वेचणार. १८८८ साली त्यांनी 'सुधारक' काढला. विरोधकांनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. तरी लेखणी ढळली नाही. कारण ठामपणाचे मोल त्यांनी घरी आधीच सांगून टाकले होते. आमच्या पुढाऱ्यांना आम्ही एवढेच विचारतो : सभेत जे गर्जता, ते आईला लिहू शकाल काय?