गादी बदलली, माणसांचे काय?



गेल्या महिन्यात यावलच्या बाजारपेठेतील एका परिचित घराण्यातील दोघे बंधू माझ्याकडे आले होते. त्यांच्या वडिलांचे देहावसान होऊन वर्ष होत आले. भुसार मालाची त्यांची पेढी जुनी. मुनीम, वसुलीचा माणूस, तोलाईवर एक आणि गोदामावर दोन, अशी पाच माणसे. सगळी वडिलांच्या वेळची. धाकट्याने पुण्यात व्यवस्थापनाचे शिक्षण घेतले आहे. तो म्हणाला, "काका, कारभार आता आमच्याकडे आला आहे. क्रिकेटच्या संघाचा मालक बदलला की तो आपली माणसे आणतो. मग आम्ही जुन्यांनाच का सांभाळायचे?" थोरला लगेच म्हणाला, "बाबांनी ज्यांना पंचवीस वर्षे पोसले त्यांना काढले तर गाव काय म्हणेल?"

दोघांचे ऐकून घेतल्यावर माझ्या लक्षात आले, की एकाची दृष्टी माणसाच्या वयावर आहे आणि दुसऱ्याची गावाच्या तोंडावर. त्या पाच जणांच्या कामाविषयी मात्र दोघांपैकी कोणीच काही बोलले नव्हते. हा प्रश्न आज आपल्या अनेक पेढ्यांवर उभा आहे. म्हणून या वेळच्या लेखात त्याचाच विचार करू.

धाकट्याने खेळाचे उदाहरण दिले, तेव्हा तेथूनच आरंभ करतो. अमेरिकेत बेसबॉल हा खेळ लोकप्रिय आहे. तेथील संघ म्हणजे मोठे व्यवसायच. खेळाडू निवडणे, त्यांचे करार करणे, हिशेब ठेवणे ही कामे मैदानाबाहेरच्या कार्यालयातील मंडळी करतात. बोस्टन शहराचा 'रेड सॉक्स' हा संघ २००२ च्या फेब्रुवारीत नव्या मालकांच्या हाती गेला. काही दिवसांतच त्यांनी संघाचे महाव्यवस्थापक डॅन डुकेट यांना दूर केले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये थिओ एपस्टाइन या अवघ्या २८ वर्षांच्या तरुणाला ती जागा दिली. १९१८ नंतर अजिंक्यपदाला पारखा झालेला तो संघ २००४ मध्ये, म्हणजे ८६ वर्षांनी, विजयी झाला.

एवढे ऐकून धाकटा म्हणेल, पाहा, नवा माणूस आणला आणि यश मिळाले. परंतु या हिशेबाची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. त्या विजयी संघाचे आधारस्तंभ असलेले पेड्रो मार्टिनेझ, मॅनी रामिरेझ, जेसन व्हॅरिटेक हे खेळाडू दूर केलेल्या डुकेट यांनीच संघात आणलेले होते. नव्या मंडळींनी प्रमुख बदलला. पण त्याने जमवलेले भांडवल फेकून दिले नाही. पदावरचा माणूस आणि त्याने उभे केलेले काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी ओळखले.

आता आपल्या घरचे उदाहरण घेऊ. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे मुख्यालय मुंबईत वानखेडे स्टेडियमच्या आवारात आहे. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मंडळाचे अध्यक्ष आणि सचिव या दोघांनाही पदावरून दूर केले. नवी प्रशासक समिती नेमली गेली ती ३० जानेवारीला. मधले चार आठवडे गादी जवळजवळ रिकामीच होती. तरीही १५ जानेवारीला पुण्याजवळ गहुंजे येथे इंग्लंडविरुद्धचा एकदिवसीय सामना ठरल्याप्रमाणे पार पडला. इंग्लंडच्या ३५० धावांचा पाठलाग करताना विराट कोहलीने १२२ आणि पुण्याच्या केदार जाधवने ७६ चेंडूंत १२० धावा केल्या, हे वाचकांना स्मरत असेल. त्या दिवशीची तिकिटे, प्रवास, निवास, प्रक्षेपण ही सारी व्यवस्था वृत्तपत्रांत नाव न येणाऱ्या माणसांनी सांभाळली. पुढे आलेल्या समितीनेही कार्यालय रिकामे करण्याचा मार्ग धरला नाही. आहे त्याच यंत्रणेकडून काम करून घेतले.

बँकेच्या क्षेत्रात तर याहून मोठे उदाहरण घडले आहे. १९ जुलै १९६९ रोजी चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र त्यांत होती. मालकी एका रात्रीत बदलली. परंतु सरकारने त्या त्या बँकेच्या तत्कालीन प्रमुखालाच 'कस्टोडियन' म्हणून नेमले आणि कर्मचारीवर्गही सेवेत कायम राहिला. सरकारला धोरण बदलायचे होते, बँकेचे दार बंद पडू द्यायचे नव्हते. ठेवीदाराच्या दृष्टीने खिडकीपलीकडचा माणूस कालचाच होता, म्हणून त्याचा विश्वास ढळला नाही.

बँकांचे हे उदाहरण मला पुस्तकी ज्ञान म्हणून ठाऊक होते. तरीही वेळ आली तेव्हा मी चुकलो. नव्वदच्या दशकात एका तालुक्याच्या शाखेत व्यवस्थापक म्हणून मी रुजू झालो. शाखा सुस्त आहे, घडी मोडायची, असे ठरवूनच गेलो होतो. पहिल्याच आठवड्यात कर्जविभागातील एका ज्येष्ठ लिपिकाला उचलून दुसऱ्या टेबलावर बसवले. काम संथ, बोलणे कमी, आणि आधीच्या व्यवस्थापकांच्या मर्जीतला माणूस, एवढेच माझे कारण. त्याच्या जागी एक चपळ तरुण नेमला.

कर्जाच्या कागदपत्रांना तीन वर्षांची मुदत असते, हे व्यापारी वाचकांना सांगायला नको. ती संपण्याच्या आत कर्जदाराची लेखी कबुली सहीनिशी घेतली नाही, तर दावा मुदतबाह्य होतो. त्या लिपिकाने अशा तारखांची एक लहानशी वही स्वतःपुरती ठेवलेली होती. कोणाची मुदत कधी संपते, कोणता कर्जदार कोणत्या गावी गेला, एकाच नावाच्या चार शेतकऱ्यांपैकी कोणाची विहीर कोठे, हे सारे त्या वहीत होते. मी वही मागितली नाही आणि त्याने आपणहून दिली नाही. वर्षभराने तपासणी झाली तेव्हा काही खात्यांचे कागद हातचे गेले होते. मी त्याच्या टेबलाशी गेलो. त्याने खणातून वही काढून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "साहेब, विचारले असते तर पहिल्याच दिवशी दिली असती."

ताशेरा माझ्या नावावर आला, तो योग्यच होता. परंतु त्या गृहस्थाचा मी केलेला अवमान कोणत्याही अहवालात नोंदला गेला नाही. त्याची क्षमा मागायला मला पुढची संवत्सरी उजाडावी लागली.

याचा अर्थ जुने ते सगळे सोने, असा मात्र नाही. बँकेत संवेदनशील जागेवर बसलेल्या कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा, पूर्वसूचना न देता, सलग किमान दहा कामकाजाच्या दिवसांची सक्तीची रजा द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. कारण जो गैरव्यवहार रोजच्या रोज झाकावा लागतो, तो माणूस जागेवर नसला की उघडा पडतो. 'आमचे मुनीमजी पंधरा वर्षांत एक दिवस रजेवर गेले नाहीत,' असे अभिमानाने सांगणाऱ्या शेठजींना मी नेहमी म्हणतो, की हे कौतुकाचे असेल, पण एकदा खात्री करून घ्या.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. कोणी राग मानू नये. काही पेढ्यांवर जुना माणूस विश्वासामुळे टिकत नाही, भीतीमुळे टिकतो. त्याला दुसऱ्या वहीची माहिती असते. मालक त्याला काढू शकत नाही आणि तोही मालकाला सोडत नाही. जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर अशा वह्यांचे ओझे अधिकच जड झाले आहे. येथे माणूस बदलून काही साधत नाही. आधी वही बदलावी लागते. खोटा लेख लिहिणे, म्हणजे 'कूटलेखक्रिया', हा आपल्या शास्त्रकारांनी सत्याणुव्रताचा अतिचार सांगितला आहे. तो दोष लिहिणाऱ्याचा तसाच लिहवून घेणाऱ्याचाही.

त्याच परंपरेत अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत 'अन्नपाननिरोध' येतो. आपल्या आश्रयाला असलेल्याचे अन्नपाणी तोडणे, ही हिंसेचीच एक रीत मानली आहे. 'अतिभारारोपण', म्हणजे शक्तीपलीकडे ओझे लादणे, हाही त्याच यादीत आहे. साठीच्या मुनीमजींपुढे एके सकाळी संगणक ठेवून 'उद्यापासून सगळे यावर' असे सांगणे मला या दुसऱ्या अतिचाराजवळचे वाटते, आणि ते जमले नाही म्हणून घरी पाठवणे पहिल्याजवळचे.

मग करावे काय? मी त्या बंधूंना सांगितले, की पहिले एक वर्ष, उघड अफरातफर सापडली नाही तर, कोणालाही हलवू नका. खरीप, रब्बी, दिवाळीचे वहीपूजन आणि मार्चअखेर असे एक पूर्ण चक्र डोळ्यांखालून जाऊ द्या. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली, तेव्हाही विक्रीच्या अटींत हेच होते: पहिले वर्ष कोणाला कमी करायचे नाही, दुसऱ्या वर्षी करायचे झाल्यास स्वेच्छानिवृत्तीची योजना द्यायची. विक्री ठरली तेव्हा तेथे १२,०८५ कर्मचारी होते. एवढ्या मोठ्या कारभाराला जी मुदत शक्य झाली, ती पाच माणसांच्या पेढीला अवघड नसावी.

या वर्षात प्रत्येकाजवळ बसून त्याला काय ठाऊक आहे ते लिहून घ्या. पेढीची निम्मी खतावणी माणसांच्या डोक्यात असते. प्रत्येकाला आळीपाळीने दहा दिवस रजा द्या आणि त्याचे काम स्वतः करून पाहा. रोकड हाताळणारा आणि वही लिहिणारा एकच असेल तर ती दोन कामे वेगळी करा. त्यात कोणावर संशय नाही, दोघांचेही रक्षण आहे. नवे तंत्र शिकण्यास पुरेसा अवधी द्या. वर्षअखेर स्वतःला तीन प्रश्न विचारा: याचा हिशेब स्वच्छ आहे का? याच्या जाण्याने पेढीचे काही हरवेल का? शिकण्याची याची तयारी आहे का? पहिल्याचे उत्तर नाही असेल तर पुढचे दोन विचारू नका. पहिल्याचे उत्तर होय असेल, तर केवळ वयासाठी किंवा आपल्या मित्राला जागा हवी म्हणून कोणाला काढू नका.

आणि निरोप द्यावाच लागला, तर समोर बसवून, कारण सांगून द्या, निरोप्याकरवी नको. ग्रॅच्युइटीचा कायदा दहा किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला लागू होतो. पाच वर्षांची सलग सेवा झाली, की प्रत्येक पूर्ण वर्षासाठी पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून, असे त्याचे गणित आहे. तेरा हजार पगार आणि पंचवीस वर्षे सेवा असेल तर ती रक्कम १,८७,५०० रुपये होते. "आमच्याकडे तर पाचच माणसे आहेत," धाकटा म्हणाला. खरे आहे; तेथे कायद्याची सक्ती नाही. ज्याने पंचवीस वर्षे पहाटे पेढीचे कुलूप उघडले त्याला हे देणे लागते की नाही, ते मात्र ज्याने त्याने आपल्या व्रताला विचारून ठरवावे. त्यावर तो काही बोलला नाही.

परवा थोरल्याचा फोन आला. मुनीमजी दहा दिवसांसाठी पंढरपूरला गेले आहेत. आयुष्यात प्रथमच पेढीची काळजी न करता जातो, असे निघताना म्हणाले. धाकटा गादीवर बसून खतावणी वाचतो आहे. मुनीमजींच्या वहीत पैशापैशाचा मेळ लागला. पण 'वड्रीवाले नाना', 'साकळीचे मास्तर' अशी तेवीस नावे त्याला सापडली, की ज्यांच्याकडून येणे आहे आणि ज्यांचे खरे नाव वहीत कोठेच नाही. त्याने त्यांची यादी करून ठेवली आहे. मुनीमजी परतले की त्यांच्यासमोर बसायचे ठरवले आहे. वसुलीच्या माणसाच्या दोन पावत्या मात्र जुळत नाहीत. त्याला अद्याप विचारलेले नाही. आधी त्याचे म्हणणे ऐकून घ्या, मग निर्णय करा, एवढेच मी सांगितले.

वाचकांनीही आपल्या पेढीवरचे असे अनुभव अवश्य कळवावेत. लिहिताना काही अधिक-उणे झाले असेल, कोणाचे मन दुखावले असेल, तर मिच्छामि दुक्कडम्.