मृत नव्हे, मूर्च्छित

गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका विद्यार्थ्यानें प्रयोगशाळेंतील रास्पबेरी पाय 4 हा तळहाताएवढा संगणक पंधरा दिवस कपाटांत दडवून ठेविला होता. यंत्रांतील आरंभींची आज्ञावली नवी करण्याचें काम चालू असतां त्यानें उतावीळपणें विजेची तार ओढली आणि यंत्र मुकें झालें. पडदा काळा राहिला, हिरवा दिवा लागेना. आम्ही रागावूं या भीतीनें तो कोणाशींच बोलला नाहीं. शेवटीं रडकुंडीस येऊन म्हणाला, "सर, माझ्या हातून तें मेलें."

तें मेलें नव्हतें. आणि या गोष्टींत मुलांनीं व पालकांनीं घेण्याजोगें कांहीं आहे, असें माझें मत आहे.

वीज मिळतांच काय करावयाचें, याचा पहिला धडा प्रत्येक संगणकाजवळ असावा लागतो. 2012 सालच्या पहिल्या रास्पबेरी पायमध्यें तो मेमरी कार्डावर असे. 2019 सालीं आलेल्या चौथ्या आवृत्तींत तो 512 किलोबाइटांच्या एका निराळ्या चिपमध्यें ठेविला आहे. तो लिहिला जात असतां वीज तुटली, तर अर्धवट राहतो. परंतु मुख्य चिपच्या पोटांत कारखान्यांतच कोरलेला एक छोटा पाठ असतो. तो आपल्या हातून पुसला जात नाहीं. कार्डावर दुरुस्तीची ठराविक फाइल आढळली, कीं तिच्या साहाय्यानें तो बिघडलेली चिप पुन्हां लिहवून घेतो. आम्हीं दुसऱ्या संगणकावर तसें कार्ड तयार करून यंत्रांत घातलें. थोड्याच वेळांत हिरवा दिवा भराभर लुकलुकूं लागला व पडदा हिरवागार झाला. त्या मुलाचा चेहरा मी विसरणार नाहीं.

ज्या यंत्रांत अशी सोय नसते, त्यांत बहुधा आठ पायांची जी चिप असते, तिला चिमटा लावून बाहेरून लिहावें लागतें. तेथें घाई घातक होय. चिप 3.3 व्होल्टांची कीं 1.8 व्होल्टांची, हें आधीं पाहावें. जास्त दाबानें ती खरोखरच जळेल. लिहिण्यापूर्वीं जुना मजकूर दोनदां वाचून ताडावा व जपून ठेवावा. कारण त्या यंत्राचा स्वतःचा क्रमांक कधीं कधीं त्यांतच असतो.

कोणी पालक म्हणतील, "एवढा खटाटोप कशाला? नवें आणावें." जळलेली पाटी टाकावीच लागते, हें मला मान्य आहे. परंतु ती जळली आहे कीं केवळ धडा विसरली आहे, हें न पाहतां टाकणें हा आळस होय. आणि मुलें तो आपल्याकडूनच शिकतात.

याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच. ती दुरुस्ती एका तासाची होती. पंधरा दिवस गेले ते भीतीपायीं. म्हणून पालकांस विनंति कीं, मुलाच्या हातून कांहीं बिघडलें, तर "कोणीं केलें?" असें विचारण्यापूर्वीं "काय झालें?" असें विचारावें. आणि विद्यार्थ्यांनो, चूक कपाटांत ठेवूं नका. उजेडांत आणलेली चूक बहुधा सुधारतां येते.