तलावाचे पाणी तापवण्याआधी गाळून घ्या

गेल्या हिवाळ्यात एका मंगळवारी एक आई आपल्या आठ वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आली. मुलीच्या पोटावर, कमरेवर आणि मांड्यांवर लाल पुरळ उठले होते. काही पुटकुळ्यांत पू होता. चेहरा आणि हात मात्र स्वच्छ. मी कांजिण्या म्हणून मोकळा झालो. संध्याकाळी तिचा मामेभाऊ तसेच पुरळ घेऊन आला आणि दुसऱ्या दिवशी त्याचे वडील. कांजिण्या अशा एकदम साऱ्या घराला गाठत नाहीत. मग विचारले, "रविवारी कुठे गेला होतात?" उत्तर आले, "डॉक्टरसाहेब, पाहुण्यांच्या फार्महाऊसवर. नवा स्विमिंग पूल बांधलाय त्यांनी, गरम पाण्याचा!"

तेव्हा उलगडा झाला. पोहण्याचा ओला कपडा जिथे अंगाला चिकटून राहिला होता तिथेच पुरळ दाट होते. कोमट आणि क्लोरीन कमी पडलेल्या पाण्यात स्यूडोमोनास नावाचा जंतू वाढतो व केसांच्या मुळाशी शिरून हा त्रास देतो. बहुधा आठ-दहा दिवसांत तो आपोआप बरा होतो, तसा तो झालाही. माझे पहिले निदान चुकले होते, हे मी त्या माउलीला सांगून टाकले.

मी त्या पाहुण्यांशी बोललो. ते म्हणाले, "पाणी आरशासारखे आहे हो! फिल्टर आहे, पण विजेचे बिल येते म्हणून शनिवार-रविवारीच चालवतो." हीटरचे कौतुक मात्र त्यांनी दहा मिनिटे केले. वाचकहो, माझा आक्षेप नेमका इथे आहे. आता आपल्याकडेही बंगल्यात, शेतघरात तलाव होऊ लागले आहेत. त्यात आधी फरशी, मग दिवे, मग हीटर, आणि उरलेल्या पैशात फिल्टर, असा क्रम लागतो. तो उलटा हवा.

पाणी नितळ दिसले म्हणजे शुद्ध झाले, ही समजूत आधी सोडावी. वाळूचा फिल्टर साधारण २० ते ४० मायक्रॉनपर्यंतचा कचरा अडवतो. जंतू एक-दोन मायक्रॉनचा. तो वाळूतून सहज निसटतो. त्याला मारायचे काम क्लोरीनचे. मग फिल्टर कशाला? तर घाम, तेल, माती पाण्यात राहिली की क्लोरीन त्यांच्यावरच खर्ची पडते आणि जंतूंसाठी काही उरत नाही. दोघांची जोडी आहे. एकाला सुट्टी दिली की दुसरा हतबल होतो.

फिल्टर घेताना एकच हिशेब धरावा. तलावातले सगळे पाणी सहा ते आठ तासांत एकदा त्यातून गेले पाहिजे. तलाव ५०,००० लिटरचा असेल तर ताशी सहा ते आठ हजार लिटरची क्षमता हवी. लहान फिल्टरला दांडगी मोटार जोडू नये. कचरा वाळूतून ढकलला जातो. वाळू बांधकामाची चालत नाही, फिल्टरसाठी चाळलेलीच हवी, आणि ती पाच-सात वर्षांनी बदलावी. फिल्टर स्वच्छ असताना दाबाचा काटा कुठे असतो ते भिंतीवर लिहून ठेवा. काटा त्याच्या आठ-दहा पौंड वर गेला की पाणी उलटे सोडून वाळू धुवा. टँकरच्या गावात कार्ट्रिजचा फिल्टर बरा. तो काढून नळीने धुता येतो, पाणी कमी लागते. बोअरचे पाणी जड असेल तर मात्र क्षार साचून तो लवकर बाद होतो. "आम्ही दर आठवड्याला पाणीच बदलतो," असे अभिमानाने सांगणारेही भेटतात. ५०,००० लिटर म्हणजे दहा हजारी पाच टँकर. आपल्या भागात हे पाप आहे.

क्लोरीन लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम आणि पीएच ७.२ ते ७.८ असावा. पीएच ८ च्या वर गेला की तेच क्लोरीन जेमतेम पाव हिश्श्याने काम करते. थेंब टाकून रंग पाहण्याची पेटी मिळते. पोहण्याच्या दिवशी मुले उतरण्यापूर्वी तपासा. पाणी गरम असेल तर क्लोरीन लवकर संपते, म्हणून दिवसात पुन्हा तपासा. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड कधीही एकत्र करू नये. विषारी वायू सुटतो.

आता हीटर. ५०,००० लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ५८ युनिट वीज लागते. दहा अंश म्हणजे ५८० युनिट! हवेतली उष्णता ओढणारा हीट पंप तेच काम साधारण पाव विजेत करतो. पण त्याही आधी तलावावर आच्छादन घ्या, कारण बरीचशी उष्णता पृष्ठभागावरून वाफेबरोबर जाते. पोहायला २८ अंश पुष्कळ झाले. अंघोळीच्या बादलीतला रॉड पाण्यात सोडण्याचा उद्योग तर जीवघेणा आहे. पक्के अर्थिंग आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी नसेल तर मोटारही चालू करू नये.

शेवटची गोष्ट तळाच्या जाळीची. अमेरिकेत २००२ साली माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात गरम पाण्याच्या टाकीत शोषनळीच्या ओढीने अडकून दगावली. त्यानंतर २००७ मध्ये तिथे तिच्या नावाने कायदा झाला. आपण निदान तुटलेली जाळी त्याच दिवशी बदलू या, आणि पंप ओढतो ती तोंडे एकाऐवजी दोन, एकमेकांपासून दूर ठेवू या.

त्या पाहुण्यांनी उरलेला हिवाळा हीटर बंद ठेवला आणि फिल्टर रोज चालवला. मार्चमध्ये तीच मुले पुन्हा डुंबून आली. मुलीची आई दवाखान्यात आली ती पेढे घेऊन, पण ते परीक्षेच्या निकालाचे नव्हते. "या वेळी काही उठले नाही," एवढेच ती म्हणाली.